पायाखालचा ज्वालामुखी

ताई, दादा, विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की तुमच्या घरात काय चालतं ते मला ठाऊक आहे. रात्री आठला लेकरू म्हणतं, "उद्या प्रकल्प न्यायचाय." मग आईची चिडचिड, बाबांची दुकानाकडं धाव, थर्माकोल, फेव्हिकॉल, रंगीत कागद आणि मोबाईलवर एक व्हिडिओ. अकरा वाजता लेकरू झोपलेलं असतं अन् बाप थर्माकोल कापत बसलेला असतो. मी हसत नाही. मास्तर असून माझ्याही घरी हेच झालंय.

काही वर्षांमागं आपल्या भूम तालुक्यातल्या ईटच्या बाजूच्या एका शाळेत मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एकाच वर्गखोलीत पाच ज्वालामुखी मांडलेले. मातीचा डोंगर, आत बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा, वरून लाल रंगाचं व्हिनेगर. पाचही एकाच व्हिडिओवरून केलेले, कारण पाचही तक्त्यांवर शुद्धलेखनाची चूक एकच होती. फेस उतू गेला, पोरांनी टाळ्या पिटल्या आणि मी त्यातल्या सगळ्यात देखण्या ज्वालामुखीला पहिला नंबर देऊन मोकळा झालो.

परतताना रस्त्याकडेला एका विहिरीचं काम चाललं होतं. वर हातभर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, मधेच लाल मातीचा पट्टा, पुन्हा पाषाण. गाडी थांबवली अन् कपाळावर हात मारून घेतला. तो पाषाण म्हणजेच थिजलेला लाव्हा! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा निघाला आणि थरावर थर पसरत गेला. आपला बालाघाटचा डोंगर त्याच थरांचा. दोन थरांच्या मधल्या काळात वरचा दगड ऊन-पावसानं कुजून त्याची माती झाली, वरून पुन्हा लाव्हा आला तेव्हा ती भाजून निघाली. विहिरीतला तो लाल पट्टा तीच. आपल्याकडं सुळक्यासारखं टोक असलेला, वरून धूर सोडणारा डोंगर नव्हताच. पाच लेकरांनी जपानच्या फुजीसारखा डोंगर केला आणि ज्या ज्वालामुखीवर त्यांची शाळा उभी आहे, त्याच्याबद्दल कुणाला एक ओळ माहीत नव्हती. त्यांनाही नाही आणि परीक्षकालाही सुचलं नाही, हे जास्त वाईट.

यात मोबाईलचा दोष मी धरत नाही. त्याच मोबाईलमध्ये मराठी विश्वकोश आहे, त्यात या पाषाणाबद्दल मराठीत वाचायला मिळतं. लेकरानं त्याला विचारलं होतं, 'सोपा सायन्स प्रोजेक्ट दाखव.' त्यानं सोपा दाखवला.

म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. नेटवरून पद्धत घ्यावी, माल आपल्या घरचा वापरावा. प्रयोग कसा करायचा हे जगातल्या कुणाकडूनही शिकायला हरकत नाही. पण मोजायचं काय, ते आपल्या रानातलं, चुलीपुढचं, गोठ्यातलं असावं. मग नक्कल करायची म्हटलं तरी करता येत नाही. आपल्या गोठ्यातल्या म्हशीच्या दुधाचा आकडा कुठल्या व्हिडिओत सापडणार?

आता दूध निघालंच आहे तर खव्याकडं वळू. आपला भूम तालुका खव्याचा, कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव लांबवर गेलंय. दिवाळी आली की भेसळीच्या बातम्या येतात आणि आपल्या चोख मालावरही लोक संशय घेतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, घरच्या घरी भेसळ ओळखायच्या चाचण्यांची 'डार्ट' नावाची पुस्तिका नेटवर फुकट ठेवलेली आहे. त्यात खव्यात पीठ मिसळलंय का, ते पाहायची एक चाचणी आहे. थोडा खवा पाण्यात उकळायचा, गार करायचा, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकायचे. निळा रंग आला तर पीठ आहे.

माझ्या वर्गातल्या एका पोरीनं ही चाचणी केली. आधी मी तिला तीन वाट्या घ्यायला लावल्या. एकीत घरी डोळ्यांपुढं आटवलेला खवा, दुसरीत त्याच खव्यात मुद्दाम चमचाभर मैदा कालवलेला, तिसरीत बाजारातला. पहिल्या दोन वाट्या नसतील तर तिसरीतला रंग बघून काय कळणार? व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, त्यांना एकच वाटी दाखवायची घाई असते. पोर उतावळी होती. मैद्याची वाटी गार व्हायच्या आधीच तिनं थेंब टाकले आणि रंगच आला नाही. तोंड एवढंसं झालं. "सर, पुस्तिका खोटी आहे." म्हटलं, जरा थांब. वाटी कोमट झाली तसा कडेकडेनं निळा रंग दिसायला लागला आणि बघता बघता शाईसारखा गडद झाला. तिनं वाटी पुन्हा चुलीवर ठेवली, रंग गेला. उतरवली, परत आला. चार वेळा केलं तिनं ते. पिठातल्या स्टार्चचा रेणू गुंडाळीसारखा असतो, आयोडीन त्यात शिरून बसतं तेव्हा निळं दिसतं, तापवलं की निसटतं, गार झालं की पुन्हा शिरतं, हे तिनं मग नेटवर स्वतः शोधून काढलं. आधी प्रश्न पडला, मग शोध घेतला. हा क्रम तुमच्या घरात जमला तर बाकी काही सांगायची गरज नाही. (चाचणी केलेला खवा कुणी खायचा नाही, हे मात्र बजावून ठेवा. आमच्याकडं एकजण निघाला होता.)

त्याच खव्यात गणितही आहे. गाईच्या पाच लिटर दुधाचा खवा किती उतरतो, म्हशीच्या किती, सरपण किती जळतं? घरात तराजू असतोच. आठ दिवस मांडून ठेवलं की आलेख काढता येतो आणि भट्टीवर दूध घालणाऱ्या बापालाही तो आलेख बघावासा वाटतो.

दुसरी गोष्ट पावसाची. सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, नरसाळं झालं. बूड वेडंवाकडं असतं, तिथं बारीक खडे घालून वर पाणी ओता, जिथं पातळी सपाट होते तिथं शून्य. बाहेरून पट्टी चिकटवा. झाडाखाली नको, भिंतीजवळ नको. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहायचा, कारण हवामान खात्याचं माप त्याच वेळेला घेतात. आता कृषी खात्याच्या 'महारेन' या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस दिसतो, त्यात आपलं ईट मंडळही असतं. तो आकडा लेकरानं शेजारच्या रकान्यात उतरवायचा. दादा, तुम्हाला मी ६५ मिलिमीटरचं महत्त्व सांगायला नको. चोवीस तासांत मंडळात तेवढा पडला की अतिवृष्टी धरतात, अन् पुढचे पंचनामे, मदत, सगळं त्यावर. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात जे पाणी बघितलं, त्यानंतर तर आपल्या बांधावर किती पडला हे प्रत्येकाला हवं आहे. बैलाचं एक शिंग भिजावं अन् एक कोरडं राहावं असा आपल्याकडचा पाऊस. तालुक्याच्या सरासरीत तो मावत नाही. लेकराची बाटली काही सरकारदरबारी पुरावा होणार नाही, हे त्याला आधीच सांगा. पण मंडळाचा आकडा आणि आपला आकडा वेगळा का येतो, या प्रश्नावर सहा महिन्यांचा प्रकल्प उभा राहतो.

त्यातच हिशोब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस बाय पंधरा फुटांचं पत्र्याचं छप्पर म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस झाला तर २८० लिटर पाणी वाहून जातं. घागर भरून आणणाऱ्या आईला विचारा, किती खेपा झाल्या.

गणिताचं नाव काढलं की लेकरं पळतात, त्यांच्यासाठी गाडीचा नंबर. एमएच २५ च्या पुढचे चार आकडे घ्या, चारही सारखे नकोत. समजा ३५२४. मोठ्यात मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता किती वेळा करा, ६१७४ च येणार. कुठलीही गाडी घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथंच येऊन थांबते. हे शोधलं देवळालीच्या एका शाळामास्तरानं, दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, १९४९ साली. वही-पेन्सिलीवर. पुढं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठं जगाला ते कळले. तुमच्या पोराला स्टँडवर उभं करा, पन्नास गाड्यांचे आकडे लिहून घेऊ द्या, कुठल्या किती पायऱ्यांत पोचतात त्याचा तक्ता करू द्या. तीन आकड्यांना काय होतं, तेही त्यालाच बघू द्या. मी सांगत नाही.

तुमची शंका मला कळते: मोबाईल हातात दिला की पोरगं प्रयोग बघता बघता रील्सवर जातं. जातंच. आपणही जातो. शिवाय घरात फोन एकच, तो दिवसभर दादांच्या खिशात, शेतात. म्हणून आमच्याकडं एक पद्धत बसली आहे. सकाळी पंधरा मिनिटं आई किंवा बाप शेजारी बसणार, लेकरू काय हवंय ते शोधणार, पुस्तिका किंवा व्हिडिओ उतरवून घेणार. मग फोन तुमचा. उरलेलं काम वहीत. वहीच्या डाव्या पानावर 'नेट काय म्हणतं' आणि कुठून घेतलं त्याचं नाव, उजव्या पानावर 'आम्ही काय बघितलं'. बहुतेक वेळा दोन्ही पानं जुळत नाहीत आणि परीक्षकानं नेमकं तिथंच बोट ठेवावं. आता तर एआयला विचारलं की अख्खा प्रकल्प निष्कर्षासह लिहून मिळतो, भाषाही गोड. उजवं पान मात्र त्याला भरता येत नाही. त्यानं ईटचा पाऊस सांगितलाच, तर महारेनशी ताडून बघा, मजा येईल.

शेजारी बसायला आपल्याला विज्ञान आलं पाहिजे असं नाही. इंग्रजीही नको. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांच्या संकेतस्थळावर मराठीतून फिल्मा आहेत, पुस्तकं फुकट आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून चौकोन करा, बोटानं दाबला की कलंडतो. त्रिकोण करा, हलत नाही. मग बाहेर येऊन पत्र्याच्या शेडची कैची बघा, मोबाईलचा मनोरा बघा. पाच रुपयांच्या आत काम. विजेचं सर्किट घरी जोडायची भीती वाटत असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' आहे, ते मराठीतही चालतं, पडद्यावर तार जोडा, दिवा पेटवा, शॉर्ट करा, कुणाला झटका बसत नाही. आणि बालभारतीच्या पुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड, तो नुसती नक्षी नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत हे कोड वापरून दाखवले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. तो चौकोन तुमच्या घरातल्या पुस्तकात छापून आलाय. एकदा फोन धरून तर बघा.

प्रकल्प बिघडला तर? बिघडू द्या. इन्स्पायर मानकसारख्या योजनेत निवड झालेल्या मुलाला १० हजार रुपये मिळतात, ते स्वतःच्या कल्पनेसाठी. थर्माकोलच्या सफाईला नाही. दादा, कात्री लेकराच्या हातात राहू द्या. वाकडं कापलं तर वाकडं.

परवा सकाळी त्या खव्याच्या पोरीच्या घरावरून गेलो. रात्री सर येऊन गेली होती. ती बाटलीपुढं गुडघ्यावर बसून पट्टी वाचत होती, बाप बैलगाडीच्या दांडीला टेकून फोनमध्ये मंडळाचा आकडा शोधत होता. दोघांचे आकडे जुळेनात. पोरगी वहीत दोन्ही लिहीत म्हणाली, "आबा, त्यांची बाटली कुठं ठेवलीय, आपण बघून येऊ का?"

बापानं फोन खिशात घातला आणि मोटारसायकलची किल्ली शोधायला आत गेला.