अंगणांत कोणता बांबू लावावा?

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर बहुतेक वर्षीं १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस तळेगांवाकडे जातां जातां तो फार कमी होतो. माथ्यावरील पाऊसही बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो, व पुढें जमीन कोरडी राहते. म्हणून शेजारगांवचें फोफावलेलें बेट पाहून तेंच आपल्या दारीं आणणें नेहमीं हितकर होत नाहीं. जागा कशी आहे व रोप कोठून येत आहे, ह्या दोन गोष्टी आधीं पाहाव्या.

जागेविषयीं. मानवेल डोंगरउतारावरील हलक्या जमिनींत व थोड्या पावसांतही तग धरते. परंतु मुळाशीं पाणी तुंबलें तर ती टिकत नाहीं. मावळाच्या पूर्व भागास ती योग्य होय. काटेरी कळक ओढ्याकांठीं चांगला वाढतो व कुंपणास उपयोगी पडतो. पण त्याच्या कांट्यांतून काठी काढणें कष्टाचें, आणि मुलें खेळतात त्या अंगणांत तो नसावा. माणगा कोंकणांतील शेतकऱ्यांचा आवडता आहे. त्यास कांटे नाहींत, व त्याची काठी सरळ आणि बहुतेक भरीव असते. पाण्याचा निचरा होत असेल तर माथ्यावरील घरास आम्ही हाच सुचवूं.

रोपाविषयीं. बांबू हें एक गवतच आहे. मानवेल व कळक ह्यांचीं बेटें पुष्कळ वर्षांनीं, कित्येकदां तीस-चाळीस वर्षांनीं, एकदां फुलतात, बीज टाकतात व मरतात. जुन्या बेटाचा कंद लावला तर बेट नवें दिसतें, पण त्याचें वय मूळ बेटाचेंच असतें. तें फुललें म्हणजे हेंही बहुधा फुलून मरतें. मग कुंपणासाठीं व छपरासाठीं केलेले अनेक वर्षांचे श्रम व्यर्थ जातात. यास्तव कंद घेण्यापूर्वीं गांवांतील वृद्धांस विचारावें कीं, हें बेट किती वर्षांचें आहे, व ह्या जातीस मागें फूल कधीं आलें होतें? उत्तर न मिळाल्यास बियांपासून केलेलें रोप घ्यावें. माणग्यास बीज सहसा धरत नाहीं, म्हणून त्याचे कंद किंवा कांड्याच लावतात.

लावणी पावसाच्या आरंभीं करावी. दोन फूट खोल खड्ड्यांत शेणखत घालावें, व दोन बेटांत सुमारें १५ फूट अंतर ठेवावें. कोवळे कोंब गुरें व शेळ्या खातात, म्हणून पहिलीं वर्षें राखण करावी. काठी तीन वर्षांची झाल्यावर पावसाळा संपल्यानंतरच तोडावी. नवे कोंब राखावे.

आणखी एक गोष्ट. १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत बांबूची गणना झाडांत होती. २०१७ सालीं तो त्या गणनेंतून वगळण्यांत आला. त्यामुळें स्वतःच्या शेतांतील बांबू तोडण्यास त्या कायद्याची आडकाठी राहिली नाहीं. वनांतील बांबूस मात्र नियम आहेतच.

तर पाऊस येण्यापूर्वींच वडीलधाऱ्यांपाशीं बसावें, व मगच कुदळ उचलावी.