मॉलीची पिल्लं कुणाची?

प्रश्न : माझ्या टाकीत मॉलीची एकच मादी आहे आणि सोबतीला सगळे गप्पीचे नर. तरी आणल्यावर दोन महिन्यांनी तिनं वीसेक पिल्लं दिली. हा गप्पी-मॉलीचा संकर समजायचा का? दुकानदार म्हणतो, प्लॅटी आणि स्वोर्डटेलचा संकर तर घरीही सहज होतो. करून बघू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : गप्पीवर आळ घेण्याआधी दुकानातली टाकी आठवा. तिथं नर-माद्या एकत्रच पोहत असतात, त्यामुळे घरी येणारी मादी बहुधा गाभणीच येते. शिवाय या माशांच्या माद्या नराचं बीज शरीरात साठवून ठेवतात आणि एकाच मीलनावर पुढे कित्येक महिने वेतामागून वेत काढतात. टाकीत आज नर कोणता आहे, यावरून पिल्लांचा बाप ठरत नाही.

गप्पी आणि मॉली दोघंही पोसिलिया या एकाच गटातले, म्हणून त्यांचा संकर अगदीच अशक्य नाही. पण तो क्वचित होतो आणि झालेली पिल्लं सहसा वांझ निघतात. तुमची पिल्लं मोठी होऊन सरळसरळ मॉलीसारखी दिसली, तर गप्पी निर्दोष सुटले असं समजा.

प्लॅटी-स्वोर्डटेलबद्दल मात्र तुमचा दुकानदार खरं बोलतोय. दोन्ही झिफोफोरस गटातले, आणि त्यांची पिल्लं वांझ नसतात. खरं तर बाजारातले बहुतेक प्लॅटी आणि स्वोर्डटेल आधीच थोडेफार मिश्र रक्ताचे आहेत. स्वोर्डटेलचा लालभडक रंग प्लॅटीकडून आलेला. मेक्सिकोच्या ओढ्यांत दोघं शेजारी राहूनही सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. टाकीत आपल्या जातीचा जोडीदारच नसला की मग चालतं.

पण अंगावर काळे ठिपके असलेला प्लॅटी निवडणार असाल, तर जरा थांबा. 1920च्या दशकात अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कोसविग यांनी अशा प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केला. पहिल्या पिढीतच ठिपके पसरून काळे पट्टे झाले. त्या पिल्लांचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर केला, तेव्हा काहींच्या अंगावर काळ्या गाठी आल्या. त्वचेचा कर्करोगच तो.

कारण असं : प्लॅटीत काळ्या पेशी वाढवणारं एक जनुक आहे आणि त्याला लगाम घालणारं दुसरं, वेगळ्या गुणसूत्रावर. जातिवंत प्लॅटीत दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून ठिपका ठिपकाच राहतो. स्वोर्डटेलकडे यातलं काहीच नाही. दुसऱ्या संकरात जनुकांची वाटणी होते आणि साधारण चौथाई पिल्लांच्या वाट्याला घोडा येतो, लगाम येत नाही. वाढवणारं ते जनुक 1989 मध्ये वेगळं काढता आलं, आणि माणसाच्या कर्करोगात सापडणाऱ्या एका जनुकाचं ते जवळचं नातलग निघालं. हौशी लोकांच्या माशांनी प्रयोगशाळेत एवढी मजल मारली!

संकरातून निसर्गात नवी जातसुद्धा उभी राहिली आहे. टेक्सास आणि मेक्सिकोतली ॲमेझॉन मॉली ही दोन मॉलींच्या संकरातून आलेली, आणि तिच्यात सगळ्या माद्याच. अंड्याला चालना मिळावी म्हणून तिला परक्या जातीचा नर लागतो, पण पिल्लांत त्याचं काही उतरत नाही. त्या आईच्या हुबेहूब नकला. बापाचं नाव लावायचा प्रश्नच मिटला.

तेव्हा करायचंच असेल तर बिनठिपक्याचा लाल प्लॅटी घ्या आणि स्वोर्डटेलची मादी दुकानातून मोठी आणू नका. लहानपणापासून नरांशिवाय वाढवलेलीच हवी, नाहीतर तुमच्या मॉलीसारखंच होईल. पहिल्या पिढीवर थांबा, संकराची पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलला जोडू नका. पिल्लं कुणाला दिलीत तर संकर आहे हे सांगून द्या. आणि जास्त झाली म्हणून विहिरीत किंवा कृष्णेत सोडू नका. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आपल्याकडे सोडलेले गप्पी गटारांपासून ओढ्यांपर्यंत कसे पसरलेत, ते बघतोच आहोत.