तळ वर का दिसतो?

निवळ पाण्यात काठावरून पाहिले असता तळ हाताशी आल्यासारखा भासतो. ४ फूट पाणी सरळ वरून सुमारे ३ फूटच दिसते. तिरपे पाहिल्यास त्याहूनही उथळ. कारण असे की, प्रकाशाच्या लहरी हवेत दर सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतात, पाण्यात मात्र सव्वादोन लक्षच. गाडी तिरपी वाळूत शिरली, म्हणजे आधी रुतलेले चाक मंदावून ती त्या अंगास वळते. तद्वत् वेग बदलताच प्रकाशाची वाट वाकते. ह्यास वक्रीभवन म्हणतात. डोळा मात्र किरण सरळच आला असे समजतो, व फसतो. पोहता न येणारी मुले ह्याच भरवशावर पाण्यात उतरतात! आधी काठीने ठाव घ्यावा. पाण्यात ती मोडल्यासारखी दिसेल. बाहेर काढून ओला भाग मोजावा.