भिंती नसलेल्या शाळेची कसोटी

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील शाळांची दारे बंद झाली आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. त्या काळी घरी बसून शिकणारा विद्यार्थी आपल्या नेहमीच्या शाळेच्या पटावरच होता. त्याचे गुणपत्रक आणि दाखला त्या शाळेचेच होते. परंतु जिला इमारतच नाही, जिचे सारे शिक्षण आरंभापासून अखेरपर्यंत संगणकावरून चालते, अशा शाळेची गोष्ट निराळी आहे. तेथे मूल खरोखर शिकले हे कोणी ठरवावयाचे, आणि तिच्या प्रमाणपत्रावर इतरांनी विश्वास का ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साध्या शाळेची तपासणी त्या मानाने सोपी असते. आपल्या देशातील २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मान्यतेसाठी जी मानके घातली आहेत, त्यांत प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, ग्रंथालय आणि विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात शिक्षक यांचा समावेश आहे. अधिकाऱ्याने येऊन खोल्या मोजाव्यात, हजेरीपट पाहावा, मुले बाकांवर बसली आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावे. ऑनलाइन शाळेत यांतील बहुतेक काही दिसत नाही. म्हणून तिच्यासाठी निराळी कसोटी लावावी लागते.

पहिला प्रश्न हजेरीचा. अमेरिकेतील ओहायो राज्यात २००० साली ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ या नावाची मोठी ऑनलाइन शाळा सुरू झाली. ती सरकारी पैशावर चाले व पटावरील विद्यार्थिसंख्येनुसार तिला रक्कम मिळे. २०१५-१६ या वर्षासाठी शाळेने पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा हिशेब दिला होता. राज्याच्या शिक्षण खात्याने त्यांच्या प्रत्यक्ष अभ्यासाच्या तासांचा पुरावा मागितला, तेव्हा सुमारे सहा हजार तीनशे विद्यार्थ्यांपुरताच तो सादर होऊ शकला. शाळेने सुमारे सहा कोटी डॉलर परत करावेत असा आदेश निघाला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये, ऐन शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, ही शाळा बंद पडली आणि सुमारे बारा हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. हिशेबातील दोष मोठ्यांचा होता. त्याचा त्रास मात्र मुलांना भोगावा लागला.

त्याच देशातील फ्लोरिडा राज्याने दुसरा मार्ग धरला. तेथील ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’ ही १९९७ पासून चालत आलेली सार्वजनिक ऑनलाइन शाळा आहे. तिच्या शिक्षकांना राज्याचे अध्यापन-प्रमाणपत्र असावे लागते; आणि केवळ नाव नोंदविल्याने शाळेला सरकारी रक्कम मिळत नाही, तर विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पुरा केल्यावर मिळते. पट मोजण्याऐवजी पुरा झालेला अभ्यास मोजावा, हे या पद्धतीचे मर्म होय.

दुसरा प्रश्न परीक्षेचा, आणि त्यासाठी आपल्या देशातील उदाहरण पुरेसे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त शाळेचा एक प्रकल्प हाती घेतला. त्यातून १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. तीच आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. विद्यार्थ्यांची नोंदणी करणे, परीक्षा घेणे व दहावी-बारावीची प्रमाणपत्रे देणे हा अधिकार तिला केंद्र सरकारने दिला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये या संस्थेने आपली ऑनलाइन शाळाही सुरू केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पाठ घरी बसून ऐकता येतो, परंतु सार्वजनिक परीक्षेस नेमलेल्या केंद्रावर, पर्यवेक्षकासमोरच बसावे लागते. वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात. अभ्यासाच्या वेळेची मोकळीक भरपूर आहे; परीक्षेच्या शिस्तीत मात्र सूट नाही.

तिसरा प्रश्न प्रमाणपत्राच्या मान्यतेचा. प्रमाणपत्र देणारा कितीही प्रामाणिक असला, तरी घेणाऱ्याने ते नाकारले तर विद्यार्थ्याच्या हाती काय उरते? जानेवारी २०१८ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत दुरुस्ती होऊन मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना प्रवेशपरीक्षेस बसण्याची मनाई करण्यात आली. म्हणजे एका सरकारी संस्थेने उत्तीर्ण ठरविलेला विद्यार्थी दुसऱ्या सरकारी संस्थेच्या दाराशी अडला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात ही मनाई घटनाबाह्य ठरविली. मार्च २०२४ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा मार्ग मोकळा झाला. सहा वर्षे हा लहान काळ नव्हे; बारावी झालेल्या मुलाचे सारे वैद्यकीय शिक्षण एवढ्या काळात पुरे होत आले असते.

नोकरीनिमित्त बेळगावहून हैदराबादला, इंदूरहून बडोद्याला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना, आजारी मुलांना, खेळाडूंना अशा शाळांचा मोठा आधार होऊ शकतो. तथापि नाव घालण्यापूर्वी पालकांनी व विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मूल शिकते आहे याची नोंद कशी ठेवली जाते? अखेरची परीक्षा शाळा स्वतः घेते, की सरकारने अधिकार दिलेले मंडळ घेते? आणि ज्या महाविद्यालयात पुढे जावयाचे आहे, ते त्या मंडळाचे प्रमाणपत्र मानते काय? शाळेच्या जाहिरातीवर विसंबून न राहता उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती मंडळाकडून व महाविद्यालयाकडून पडताळून पाहावीत. शुल्क भरण्यापूर्वी यासाठी एक दिवस खर्ची पडला, तरी तो वाया गेला असे समजू नये.