शिडाच्या होडीवर स्टोव्ह कोणता?

प्रश्न : माझी शिडाची होडी २४ फुटी आहे. मुंबईहून मुरूडपर्यंत जायचा बेत आहे. घरातली छोटी गॅस शेगडी-सिलिंडर नेली तर चालेल का?

उत्तर : कृपया नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो होडीच्या तळात उतरून साचतो आणि इंजिन सुरू करताना उडालेली एक ठिणगी स्फोटाला पुरते. गॅसच हवा असेल, तर सिलिंडरला केबिनपासून बंदिस्त कप्पा लागतो, आणि त्याच्या तळातून गळलेला गॅस थेट होडीबाहेर जायला हवा. २४ फुटांत एवढी जागा काढणे अवघड.

तुम्ही बिनपंपाचा स्पिरिट स्टोव्ह घ्या. त्याच्या डब्यातल्या भरावात स्पिरिट मुरलेले असते, त्यामुळे होडी कलली तरी ते सांडत नाही. आच मंद असते, चहाला वेळ लागतो, तेवढे सोसावे. मात्र उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसतच नाही. विझला असे समजून गरम स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतणे हा जिवाशी खेळ आहे. पूर्ण थंड होऊ द्या, मगच भरा.

रॉकेलच्या स्टोव्हला आच जोरदार, पण वास, काजळी आणि पिन मारण्याचा व्याप!

स्टोव्ह झुलत्या चौकटीत बसवा, भांडे धरायला पकडी लावा. खिचडीला छोटा कुकर उत्तम, कारण लाटेने हिंदकळला तरी झाकण निघत नाही. रांधताना केबिनचे झाकण उघडे ठेवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साचतो. आग विझवायचे ब्लँकेट स्टोव्हच्या मागे टांगू नका. ज्योतीवरून हात न नेता ते ओढता आले पाहिजे.