हरणांचा बंदोबस्त करणारांची परीक्षा आणि तिचे परीक्षक

जोंधळ्याचीं कणसें भरूं लागलीं किंवा हरभऱ्यास घाटे धरूं लागले म्हणजे रात्रीं माळ्यावर बसून राखण करण्याचा प्रसंग ज्यास आला नाहीं असा शेतकरी आपल्या प्रांतांत क्वचितच सांपडेल. काळवीट, रोही व रानडुक्कर यांनीं एका रात्रींत केलेली नासाडी पाहिली म्हणजे, हीं जनावरें आवरणारा कोणी जाणता माणूस असावा असें कोणासही वाटतें. परंतु जाणता कोण, हें ठरवावयाचें कोणी आणि कसें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ब्रिटनमध्यें तो विचारला गेला, आणि त्याचें उत्तर म्हणून तेथें एक परीक्षा व तिच्यासाठीं परीक्षकांचा एक वर्ग तयार झाला. त्या परीक्षकाचें काम काय, तें कोणास सोंपवितात आणि त्यांत अवघड तें काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे वन्य जीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानें हरिणवर्गांतील जनावरांची शिकार बंद आहे. पिकाची नासाडी होत असली तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून त्यांजवर बंदूक उचलणें हा गुन्हाच होतो. तेव्हां हा लेख शिकारीचें आमंत्रण आहे असें कोणीं समजूं नये.

ब्रिटनची स्थिति निराळी आहे. त्या बेटावरून लांडगा व लिंक्स हीं हरणांस खाणारीं जनावरें नामशेष होऊन शतकें लोटलीं. हरणांच्या मात्र सहा जाती तेथें मोकळ्या फिरत आहेत. त्यांपैकीं तांबडें हरीण व रो या दोनच मूळच्या. आपल्या चितळासारखे ठिपके अंगावर असलेलें फॅलो नॉर्मन राजांच्या काळीं तेथें रुजलें. सिका हें जपानचें हरीण १८६० च्या सुमारास आणलें गेलें. आणि आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद जो मुंटजॅक तो, व चिनी पाणहरीण, हीं दोन्हीं बेडफर्डशायर परगण्यांतील धनिकांच्या उपवनांतून व प्राणिसंग्रहांतून निसटून गेल्या शतकांत रानांत पसरलीं. हौसेनें आणलेलें जनावर कुंपणाबाहेर गेल्यावर शेतकऱ्याच्या माथीं बसतें, हा अनुभव सर्व देशांत सारखाच दिसतो. फॅलोचे कळप हिंवाळ्यांतील गव्हावर उतरतात, रो व मुंटजॅक कोंवळ्या झाडांचे शेंडे खुडतात, आणि तांबड्या हरणानें साल सोललेलें झाड पुढें इमारतीच्या उपयोगाचें राहत नाहीं. खाणारें जनावर कोणी उरलें नाहीं म्हणून दरसाल कांहीं हरणें माणसानेंच मारावीं लागतात. आणि तें काम रीतसर व जनावरास यातना न होतां व्हावें, असा तेथील कायद्याचा रोंख आहे.

तो कायदा थोडक्यांत असा. इंग्लंड व वेल्स येथें १९९१ चा हरणांचा कायदा लागू आहे व स्कॉटलंडांत १९९६ चा. इंग्लंडांतील कायद्यानें बहुतेक जातींस नर व मादी यांचे बंदीचे महिने निरनिराळे नेमून दिले आहेत. उदाहरणार्थ, रो जातीची मादी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च एवढ्याच मुदतींत मारतां येते. मेच्या सुमारास ती विते. तेव्हां मादी मारली तर झुडपांत दडलेलें पिलूं उपाशीं मरेल, हें त्यामागील कारण. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वीं एक तासापर्यंत गोळी झाडण्यास मनाई आहे. रायफलीच्या नळीचा व्यास निदान .२४० इंच आणि गोळीचा जोर निदान १७०० फूट-पौंड असला पाहिजे. मुंटजॅक व पाणहरीण या लहान जातींस त्याहून कमी चालतो. आपल्या वाचकांस विशेष वाटेल तें कलम असें कीं, पिकाची खरोखर नासाडी होत असून ती थांबविण्यास दुसरा मार्ग नसेल, तर जमीन कसणारास बंदीच्या महिन्यांतही आपल्या पिकांत तें जनावर मारतां येतें. मात्र नासाडी त्याच जातीच्या हरणानें केली व पुढेंही तीच होणार, असें मानण्यास सबळ कारण त्यास दाखवितां आलें पाहिजे. जात ओळखतां न येणारास या सवलतीचा कांहींएक उपयोग नाहीं, आणि परीक्षेचें मूळ येथेंच आहे.

जर्मनींत अशी परीक्षा दिल्यावांचून शिकारीचा परवानाच मिळत नाहीं. इंग्लंडांत तशी सक्ति कायद्यानें केलेली नाहीं. तरी पुष्कळ जमीनमालक हल्लीं प्रमाणपत्र पाहिल्यावांचून आपल्या रानांत कोणास शिरूं देत नाहींत. शिवाय १ जानेवारी २००६ पासून युरोपांत आहारशुद्धीचे नवे नियम लागू झाले. त्यांअन्वयें रानांत मारलेलें मोठें जनावर बाजारांत जावयाचें असेल तर तें शिक्षित माणसानें तपासून त्यावर चिठ्ठी बांधावी लागते. या नियमानें परीक्षेचें महत्त्व फार वाढलें.

परीक्षेच्या पायऱ्या दोन. पहिलींत लेखी प्रश्न असतात. चित्रें पाहून जात व लिंग ओळखावें लागतें. बंदूक हाताळण्याची सावधगिरी चालत्या वाटेवर दाखवावी लागते. आणि निशाणबाजी द्यावी लागते. १०० मीटरांवरून तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळांत बसल्या पाहिजेत. नंतर हरणाच्या आकृतीवर १००, ७० व ४० मीटर अशा अंतरांवरून मारलेल्या गोळ्या काळीज व फुप्फुसें असलेल्या ठिकाणींच लागल्या पाहिजेत. या पायरीवरील परीक्षकाचें काम बरेंचसें मोजमापाचें आहे. छिद्र रेषेच्या आंत आहे कीं बाहेर, हें डोळ्यांस दिसतें.

खरें कठीण काम दुसऱ्या पायरीवर. तेथें उमेदवारानें प्रत्यक्ष रानांत जाऊन माग काढावा, वाऱ्याची दिशा संभाळून दबकत जवळ जावें, मारावें कीं न मारावें हें ठरवावें, मारल्यावर जनावर शोधून काढावें, आंतडीं स्वच्छ काढून तपासावींत आणि धड शीतगृहापर्यंत निर्मळ पोंचवावें. असें साधारणपणें तीन वेळां करून प्रत्येक वेळेची तपशीलवार नोंद करावी लागते. उमेदवाराबरोबर एक मान्य साक्षीदार असतो. तो पाहतो, प्रश्न विचारतो व लिहून ठेवतो. ते कागद परीक्षा घेणाऱ्या केंद्राच्या परीक्षकाकडे जातात, परीक्षक त्यांवर निर्णय देतो, आणि त्याचा निर्णय दुसरा एक तपासनीस नमुन्यादाखल पुन्हां तपासतो.

या कामावर कोणास नेमतात? ज्यानें स्वतः दुसरी पायरी ओलांडली आहे, ज्यास रानांतील बरीच वर्षांची व अलीकडचीही वहिवाट आहे, आणि ज्यानें परीक्षा कशी घ्यावी याचें वेगळें शिक्षण घेतलें आहे, अशास. यांतील ‘अलीकडची’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वीस वर्षांपूर्वीं नांवाजलेला शिकारी असणें पुरत नाहीं. कायदा बदलतो, रोग बदलतात. स्कॉटलंडांत नर हरणांचे बंदीचे महिने २०२३ सालीं काढून टाकण्यांत आले. जुन्याच तारखा घोकणारा परीक्षक तेथें बरोबर उत्तर देणाऱ्या उमेदवारासच नापास करील. तिसरी अटही वरवर दिसते तितकी फुकाची नव्हे. उत्तम नांगरट करणारा माणूस दुसऱ्याची नांगरट निःपक्षपातानें पारखील असें नाहीं. त्यास स्वतःच्या हाताची सवय तेवढीच बरोबर वाटते. उमेदवारानें आंतडीं काढतांना डावीकडून आरंभ केला व आपण उजवीकडून करतों, एवढ्यावरून जो नाक मुरडतो तो परीक्षक नव्हे. मांसास मळ लागला का, आंतडें फुटलें का, गांठी पाहिल्या गेल्या का, एवढेंच त्यानें पाहावयाचें.

आतां एक कल्पित प्रसंग घेऊं. पहांटेची वेळ, उमेदवार व साक्षीदार गव्हाच्या शेताच्या कडेनें चालले आहेत. ऐंशीं मीटरांवर फॅलोची मादी आडवी उभी आहे. वारा समोरून, हंगाम खुला, जात बरोबर. पण ती उंचवट्याच्या माथ्यावर असून तिच्या मागें नुसतें आकाश आहे. रायफलीची गोळी जनावरांतून आरपार जाऊन दोन-अडीच मैलही जाऊं शकते, आणि पलीकडच्या बांधावर शेजाऱ्याचा गडी ट्रॅक्टर घेऊन आलेला असूं शकतो. उमेदवार बंदूक खालीं करतो. मादी निघून जाते, आणि त्या दिवशीं दुसरें जनावर मिळत नाहीं. अशा वेळीं कच्चा साक्षीदार ‘कांहीं घडलें नाहीं’ असें लिहून मोकळा होतो. जाणता साक्षीदार मात्र लगेच विचारतो, “कां थांबलांत?” येथें प्रश्न कसा विचारावा यांतच सारी खुबी आहे. “मागें मातीचा आडोसा नव्हता म्हणूनच ना?” असें विचारलें म्हणजे उत्तर आपणच दिलें, उमेदवार कदाचित् मादीचें वय ठरवितां आलें नाहीं म्हणूनही थांबला असेल. उघडा प्रश्न विचारून मिळालेलें उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून ठेवलें तर न झाडलेली गोळी हाही त्याच्या समजुतीचा पुरावा होतो.

याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. उमेदवारानें आकाश मागें असतां घोडा दाबण्यास बोट नेलें. आतां साक्षीदारानें परीक्षा बिघडेल म्हणून गप्प बसावें काय? मुळींच नाहीं. माणसाच्या जिवाशीं गांठ पडली तेथें परीक्षा संपली. त्यानें तत्काळ “थांबा” म्हणावें, आणि त्या दिवसाची नोंद नापास म्हणून करावी. आमच्या मतें या सबंध कामांत हीच जागा सर्वांत कठीण. कारण साक्षीदार व उमेदवार हे बहुधा एकाच टापूंतले, एकमेकांच्या रानांत जाणारे असतात. ‘बोट नेलें खरें, पण दाबलें नसतें’ असें म्हणून डोळेझांक करण्याचा मोह कोणासही होईल. याकरितां नात्याचा, नोकरीचा किंवा देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो आधीं सांगून बाजूस होण्याची शिस्त असावी लागते.

मांसाच्या तपासणीकडे आपल्या गोधन पाळणाऱ्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. जनावर पडण्यापूर्वीं तें कसें चालत होतें, लंगडत होतें का, कळपापासून अलग उभें होतें का, येथूनच तपासणी सुरू होते. आंतडीं काढल्यावर लसिकाग्रंथि पाहतात: जबड्याखालच्या व घशामागच्या, श्वासनलिकेजवळच्या व छातीच्या मध्यभागच्या, आंतड्यांच्या पडद्यांतील व यकृताजवळच्या. त्या सुजलेल्या असल्या किंवा कापल्यावर आंत पनीरासारखा पिवळसर पू आढळला तर क्षयाचा संशय धरून तें जनावर तसेंच अलग ठेवावें व सरकारी पशुआरोग्यखात्यास कळवावें असा कायदा आहे. हरणांचा क्षय व गुरांचा क्षय एकाच जंतूपासून होतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत गाईंचे कळपच्या कळप त्यापायीं कापावे लागले आहेत. लाळ-खुरकुत व फाशी हे रोगही याच यादींत येतात. येथें परीक्षकाची अडचण अशी कीं, उमेदवाराचीं तिन्ही जनावरें बहुधा निरोगीच निघतात. मग रोगट ग्रंथि त्यास ओळखतां येते हें कशावरून मानावें? यासाठीं केवळ पाहण्यावर न थांबतां, चित्रें दाखवून व प्रश्न विचारून ती उणीव भरून काढावी लागते, आणि पाहिलेलें कोणतें व विचारलेलें कोणतें हें कागदावर वेगवेगळें लिहावें लागतें.

परीक्षकापुढें कागद येतात तेव्हां तो चार गोष्टी पाहतो. पुरावा मुद्द्याचा आहे काय. तो त्याच उमेदवाराचा आहे काय. तो ताजा आहे काय. आणि तो पुरेसा आहे काय. यांपैकीं दुसरीवर भर द्यावा. तीन दिवसांच्या तीन नोंदी एकाच शाईनें, एकाच शब्दांत लिहिलेल्या आढळल्या, तिन्ही वेळां वारा ‘समोरून, मंद’ आणि अंतर ‘८० मीटर’, तर त्या रानांत लिहिल्या कीं घरीं बसून, अशी शंका घेणें हें परीक्षकाचें कर्तव्य आहे. रान कधीं दोनदां सारखें नसतें. अशा वेळीं आरोप करूं नये; साक्षीदारास व उमेदवारास वेगवेगळें बोलावून त्या दिवसाची हकीकत विचारावी. जो खरोखर तेथें होता त्यास चिखल, कुत्रें, चुकलेली वाट, असें कांहीं तरी आठवतेंच.

कागद परत करावयाचे झाले तर ‘अपुरे’ एवढाच शेरा मारून चालत नाहीं. कोणत्या कलमाचा पुरावा नाहीं व तो कशानें मिळेल हें परीक्षकानें लिहावें, म्हणजे उमेदवारास पुढच्या हंगामांत नेमकें काय करावयाचें तें कळतें, आणि निर्णय मान्य नसेल तर वर दाद मागण्यासही आधार राहतो. निरनिराळ्या परीक्षकांनीं एकाच नमुन्याचे कागद वाचून आपापले निर्णय ताडून पाहण्यासाठीं वेळोवेळीं एकत्र बसण्याचीही चाल तेथें आहे. एकानें उत्तीर्ण केलेले कागद दुसऱ्यानें परत केले असे निघाले म्हणजे तेथेंच त्या कलमाचा अर्थ ठरवून घेतात, आणि तो पुढील हंगामापासून सर्वांस लागू होतो.