ऋतू पालटला की दुःख पुन्हा जागे होते

पावसाची झड लागली, बांधीत पाणी साचले आणि धानाची रोवणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यातील दवाखाने ताप-हगवणीच्या रुग्णांनी भरून जातात. या गर्दीत मला काही वेगळे रुग्णही भेटतात. ताप नसतो, रक्तदाब ठीक असतो. पण झोप लागत नाही, जेवण जात नाही. जरा विचारपूस केली की कळते, घरचे माणूस गेल्यानंतरची ही पहिलीच रोवणी आहे.

तेरवीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेले असते. त्यानंतर प्रत्येक जण आपल्या कामाला लागतो. खरी उणीव भासते ती पहिल्या रोवणीला, पोळ्याला बैल सजवताना, दिवाळीनंतरच्या मंडईत. सावरलेले मन अशा वेळी पुन्हा खचते. हे वेड नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे. बहुतेकांचे हे दुःख हळूहळू सौम्य होते. त्यासाठी काही गोष्टी सांभाळाव्यात.

१) असे दिवस कोणते ते आधीच ओळखावे आणि त्या दिवशी एकटे राहू नये.

२) भूक नसली तरी दोन वेळा थोडे खावे. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत.

३) रडू आले तर रडावे. लहान मुलांना "बाबा गावाला गेले" असे सांगू नये. ती वाट पाहत राहतात. सोप्या शब्दांत खरे सांगावे.

४) झोपेसाठी दारू घेऊ नये, मेडिकलमधून परस्पर गोळ्याही आणू नयेत.

५) छातीत दुखणे, घाम, धाप ही लक्षणे "दुःखामुळे असेल" म्हणून अंगावर काढू नयेत. जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयविकाराचा धोका वाढतो. ताबडतोब ईसीजी काढावा.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात लांबलेल्या शोकाची आजार म्हणून नोंद आहे. सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता तशीच असेल आणि रोजची कामे होत नसतील, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे. यावर उपचार आहेत. "आता जगून काय करू" असे कोणी बोलू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशक त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून रात्रंदिवस चालू असतो.

वाचकहो, शेवटची विनंती शेजाऱ्यापाजाऱ्यांना. तेरवीची पंगत उठली म्हणजे आपले काम संपले असे समजू नका. यंदा पोळ्याला त्या घरी जाऊन घटकाभर बसा आणि गेलेल्या माणसाचा विषय काढा. नाव घेतल्याने दुःख वाढत नाही. सगळेच ते नाव टाळू लागले की घरच्यांना अधिक एकटे वाटते.